'मिठाची वाट', आवृत्ती पहिली

कोणताही कागद हातात आला की भाऊ तो आधी वाचत नसत. उठून खिडकीशी जात, दोन्ही हातांनी कागद उजेडासमोर धरत आणि म्हणत, "पाहू द्या, मांगं काय हाये." मागे काही नसे. वीजबिल असो, लग्नाची पत्रिका असो, आधी खिडकी. आमच्या ऑफिसातला चहावाला बिल घेऊन आला आणि भाऊ बसलेले दिसले की तो स्वतःच खिडकीकडे बोट दाखवायचा.

ही सवय खाणीतली. भाऊ वणीकडच्या एका कोळसा खाणीत सर्व्हे ऑफिसला नकाशे काढायचे. जमिनीखाली कोळशाचे थर एकाखाली एक असतात आणि प्रत्येक थराचा नकाशा वेगळ्या ट्रेसिंग पेपरवर. ते एकावर एक ठेवून उजेडात धरले की वरची खोदाई खालच्या खोदाईवर कुठे येते ते दिसतं. नोकरीभर हेच केलेला माणूस लग्नपत्रिकाही तशीच बघणार.

तुमच्या ओळखीतही असा एखादा असेल, निवृत्त झाला तरी ज्याचे हात रोज कामावर जातात. भाऊ तसेच होते. पण एक गोष्ट तुमच्या माणसात सापडणार नाही. भाऊंनी एक खेळ लिहिला होता, आणि तो पुस्तकरूपाने छापून आला होता.

खेळाचं नाव 'मिठाची वाट'. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. त्यातला एक वाटाड्या. तो सांगतो: तुम्ही तांड्यातली माणसं, बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या आहेत, पुढे नदी, पाणी चढतंय, बोला काय करता? बाकीचे आपापलं माणूस होऊन उत्तर देतात. कोणी तांड्याचा नायक, कोणी बैल हाकणारा, कोणी झाडपाला ओळखणारी म्हातारी, तिला तांड्यात सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई. जिथे नशिबाचा प्रश्न येतो तिथे फासे टाकायचे. जिंकणं-हरणं नाही. तांडा पोचतो किंवा पोचत नाही.

भाऊंचे पूर्वज खरोखरच असे मीठ आणि धान्य वाहत मुलुखभर फिरलेले. भाऊ जन्मले नेरकडच्या एका तांड्यावर. तोवर वडील शेतीला लागले होते.

"आमच्या बापानं बैल नांगराले जुंपले," ते सांगत. "मी फासे घेतले. वाट काही सुटली नाही."

आमचं प्रकाशन यवतमाळचं, माझ्या सासऱ्यांनी काढलेलं. गाईड, प्रश्नसंच, आरत्या. त्यात हा खेळ कसा शिरला ते सासऱ्यांनाच ठाऊक. पण त्यांनी तो छापला, आणि त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि चौथी निघाली नाही.

कारभार माझ्याकडे आल्यावर मी पहिल्यांदा छपाईबाहेर गेलेल्या पुस्तकांची यादी केली. हक्क कोणाकडे, लेखक आहेत की नाहीत, वारस कुठे. जे आम्ही पुन्हा छापणार नव्हतो ते बाहेरच्या प्रकाशकांना काही वर्षांच्या करारावर छापायला द्यायचं, असं ठरवलं. आमच्या कपाटात पिवळं पडण्यापेक्षा दुसऱ्याच्या दुकानात उभं राहिलेलं बरं. एक पाककृतींचं पुस्तक गेलं, एक पशुवैद्यकाचं गेलं. 'मिठाची वाट' मागायला कोणी येईल असं वाटलं नव्हतं. मी त्याच्यापुढे 'शक्यता नाही' असं लिहून ठेवलं होतं.

फोन पुण्याहून आला. असे टेबलावरचे खेळ छापणारी तरुण मंडळी होती. बोलणारी मुलगी चटपटीत होती, मला आवडली.

"मॅडम, आम्हाला पहिली आवृत्ती हवी आहे. दुसरी-तिसरी नको."

"का? तिसरी सुधारलेली आहे."

"पहिलीत सोडण्याचा नियम आहे. तसा नियम आम्ही कुठल्याच खेळात पाहिलेला नाही."

मी पहिली आवृत्ती काढून पाहिली. नियम असा. तांड्यात कोणी आजारी पडलं आणि त्याला चालवेना झालं, तर तांडा त्याला वाटेतल्या गावात सोडून पुढे जाऊ शकतो. सोडायचं की नाही ते नायकाने ठरवायचं. सोडलं तर बैल भरभर चालतात. पण सोडलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे वाटाड्याने सांगायचं नाही. तांडा पुन्हा कधी त्याच गावावरून गेला तरच विचारता येतं.

दुसऱ्या आवृत्तीत हा नियम भाऊंनी काढून टाकला होता. त्याच्या जागी एकच ओळ होती: तांडा कोणालाही सोडत नाही.

त्यामुळे भाऊ नाही म्हणतील, हे मी धरून चालले होते. ते आले, पुण्याची ईमेल छापून त्यांच्या हातात दिली. ते खिडकीशी गेले, उजेडात धरली, मग वाचली.

"पयलीच द्या," ते म्हणाले. "जशीच्या तशी. काना-मात्रा हलवू नका म्हना."

"पण तो नियम तुम्हीच काढला होतात ना?"

"काढला. काढाले नोयता पायजे." ते खुर्चीत बसले. "बाई, खान बंद झाली तरी नकाशा फेकत नसते. फेकला तर मांगून येनारा नेमकं तिथंच खोदते. अन् तिथं पानी साचलेलं असते. पानी कुठी जात नाही."

मग त्यांनी विचारलं, "लवकर होईन का पन? मले हातात पायजे. छापलेली."

घाईचं कारण त्यांच्या हाताला बांधलेल्या पट्टीत होतं. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि तिथून परस्पर आमच्या ऑफिसात. दवाखान्यात चार खाटांची एक खोली होती. भाऊंनी त्या चारही खाटांचा तांडा केला होता. चौघांच्या हातात नळ्या, मधल्या स्टुलावर फासे, वाटाड्या भाऊ. मी एकदा सही घ्यायला गेले तर मशीन बघणारी मुलगी दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"भाऊ, तुमची नदी पार करा ना लवकर. मले सुया काढायच्या आहेत."

"थांब माय, दोन बैल अजून पान्यात हायेत."

कोपऱ्यातल्या खाटेवरचे एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, "बैल जाऊ द्या भाऊ, मले लघवीले लागल्यासारखं वाटून राह्यलं."

"तुमाले कुठची लागते? तुमी इथं कायले येता मंग?"

सगळे हसले. मुलगीही हसली. मी सही घेतली आणि निघाले.

मलाही त्यांनी एकदा खेळायला बसवलं. मी आधी सामान लिहून काढलं: दोर, घोंगड्या, गोण्या शिवायचा दाभण, बैलांच्या खुरांना लावायचं तेल. भाऊ शांतपणे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, तुमचा तांडा कई निघते? यादी करता करता बैल म्हातारे झाले."

अडचण वेगळीच निघाली. पहिल्या आवृत्तीवर दोन लेखकांची नावं होती. दुसरीवर आणि तिसरीवर एकट्या भाऊंचं. करारासाठी दोघांच्याही सह्या लागणार होत्या.

दुसरं नाव हजेरीबाबूंचं. त्याच खाणीत मजुरांची हजेरी घ्यायचे, म्हणून खाणीची सगळी कॉलनी त्यांना बाबू म्हणायची. दर रविवारी कॉलनीतल्या कडुनिंबाखाली बसून या दोघांनी खेळ रचला. वाटा, नद्या, बाजार भाऊंचे. माणसं आणि त्यांच्यावर येणारे प्रसंग बाबूंचे. सोडण्याचा नियमही बाबूंचाच. दुसरी आवृत्ती निघताना भाऊंनी तो न विचारता काढला. आमच्या माणसांनी कोणाला कधी सोडलं नाही, असं त्यांचं म्हणणं. बाबू म्हणाले, मंग माहं नावबी काढ. भाऊंनी काढलं. त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलले नव्हते.

"तो देनार नाही सही," भाऊ म्हणाले.

"विचारल्याशिवाय कसं कळणार?" मी म्हटलं, आणि वणीला जायचा दिवस ठरवून टाकला.

इथे भाऊंच्या बायकोबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. वहिनींना मी दोनदाच भेटले. नंतर त्यांना विसरायला होऊ लागलं. आधी गॅस चालू राहायचा, मग त्या घराबाहेर पडून दारव्हा रस्त्याने चालायला लागायच्या. भाऊंना एकट्याने झेपेना. मुलगी नागपूरला असते, तिने तिथल्या एका संस्थेत आईची सोय केली. भाऊ एकदा भेटून आले. वहिनींनी त्यांना ओळखलं नाही, कोणी वसुलीवाला समजून आत निघून गेल्या. भाऊ पुन्हा गेले नाहीत. वहिनी तिथेच वारल्या. हे भाऊंनी मला टप्प्याटप्प्याने, दुसऱ्याच कामांच्या मध्ये सांगितलं होतं. आवाज न बदलता.

वणीला आम्ही माझ्या गाडीने गेलो. मारेगावनंतर पुढे-मागे कोळशाचे ट्रक. बाबूंचं घर गावात आहे, पुढे छोटं अंगण, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, दारात तुळतुळीत पुसलेली मोटरसायकल. बाबू अंगणातच होते. बारीक, ताठ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

"काय बे," ते म्हणाले. "उभा हायेस अजून?"

"अर्धा," भाऊ म्हणाले. "अर्धा मशीनवर हाये."

"मंग अर्धाच बस. खुर्चीबी मोडकी हाये."

भाऊ बसले. बाबूंच्या बायकोने पाणी आणलं, मला ताई म्हणून खांद्याला हात लावला, भाऊंकडे पाहून तोंडाला पदर लावला आणि लगेच काढला. मी करार काढून बाबूंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा चढवून सगळा वाचला. हजेरी घेणारा माणूस, ओळ सुटणार नाही.

"पयली आवृत्ती. सोडन्याचा नियम धरून?"

"हो," मी म्हटलं. "आणि तुमचं नाव पुन्हा मुखपृष्ठावर, होतं तसं."

"नावाचं काय लोनचं घालू?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "त्या नियमासकट सही नाही. माहा नियम होता, मी वापस घेऊन राह्यलो."

भाऊंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुले वापस नाही घेता येत. छापला तो."

"तू खोडला तवा चाललं?"

"चुकलं माहं. नियम बरोबर होता."

"कायचा बरोबर? जवान होतो, अक्कल नोयती. कोनी मानसाले असं सोडते का?"

"सोडते," भाऊ म्हणाले. "मी सोडलं."

रस्त्यावरून ट्रक गेला. बाबूंची बायको स्टुलावरचे रिकामे पेले उचलायला वाकली होती, ती तशीच थांबली.

बाबू माझ्याकडे वळले. "पाहा बाई. याच्याचसाठी नाही म्हनून राह्यलो. मले कळलं होतं वहिनीचं. आता हा मानूस माह्या नियमानं सोताले सजा देऊन राह्यला, अन् मी खाली सही करू?"

"सजा नोय," भाऊ म्हणाले. "पानी कुठं हाये ते दाखवून ठेवतो."

"मोठा आला दाखवनारा. मशीन लागलं तरी सर्व्हे सुटला नाही याचा."

"तुही हजेरी सुटली का? आल्या आल्या मोजलं, उभा हायेस का म्हनून."

आवाज चढत गेले. मी पेनचं टोपण लावून पर्स मांडीवर घेतली. काम होणार नाही असं दिसलं की उठायचं, अशी माझी पद्धत. तेवढ्यात बाबूंची बायको आत गेली आणि तंबाखूच्या जुन्या डबीतले फासे आणून तिने स्टुलावर ओतले.

"भांडता कायले? खेळा. तेवढाच वेळ तोंड बंद राह्यते तुमचं."

त्या घरात फासे होते, याचं भाऊंना नवल वाटलेलं दिसलं. बाबूंनी दुसरीकडे पाहिलं.

वाटाड्या मी झाले. पहिल्या आवृत्तीची झेरॉक्स माझ्याजवळ होतीच. भाऊ नायक, बाबू बैल हाकणारे, बाबूंची बायको म्हणाली, "मी याडी होतो, मले बसूनच बोलता येईन." मी झेरॉक्समध्ये पाहून पाहून सांगत गेले. एक बाजार झाला, एक घाट झाला. मग फासे पडले आणि याडीला ताप आला. दुसऱ्यांदा पडले, ताप चढला. तिला चालवेना. पुढे गाव, गावापुढे नदी, पाणी चढायच्या आत पार व्हायचं.

"नायक, काय करता?" मी विचारलं.

"सोडू," भाऊ म्हणाले. सांगताना त्यांनी फाशांकडे पाहिलं नाही, कोणाकडेच नाही.

"नाही सोडत," बाबू म्हणाले.

"नायकाचं चालते. तूच लिवलं."

"चालू दे. तुम्ही जा. मी थांबतो हिच्यापाशी."

मी पानं उलटली. "बाबू, तसा नियम नाही."

"नाही म्हनजे? मले थांबता येत नाही?"

"बैल कोन हाकन?" भाऊ म्हणाले.

"तू हाक. नायक झाला म्हनून हात गळले का तुहे?"

"नदी चढून राह्यली."

"चढू दे. तुमी पोचा. मी हितंच हावो."

बाबूंची बायको मला कोपराने ढोसत म्हणाली, "पाहा ताई, पुस्तकात थांबून राह्यले माह्यासाठी. माहं ऑपरेशन होतं तवा पान खाले गेलते."

मी हसले. बाबूही हसले. भाऊंनी माझ्या हातातली झेरॉक्स घेतली. सोडण्याचा नियम वाचला. पान उलटलं, मागचं वाचलं, पुढचं वाचलं. थांबता येत नाही असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. थांबता येतं असंही नव्हतं. तांडा सोडतो की सोडत नाही, यावर दोघांनी जन्मभर अबोला धरला. एका माणसाने मागे राहायचं, हे दोघांनाही सुचलं नव्हतं.

"घालतो का हे?" बाबूंनी विचारलं. आवाज उतरला होता.

"नाही. पयलीत नोयतं."

"मंग?"

"मंग काही नाही. तू थांबला. एवढंच."

बाबूंनी माझ्याकडे हात केला. मी पेन दिलं. त्यांनी सगळ्या पानांवर सह्या केल्या, हजेरीपटावर करतात तशा, बारीक आणि एका रेषेत.

"छाप," ते म्हणाले. "तुह्या मनासारखं छाप."

आम्ही जेवून निघालो. येताना चहासाठी एका धाब्यावर गाडी थांबवली. भाऊंना पाणी मोजून प्यायचं असे, म्हणून अर्धा कप. त्यांनी तो हातात धरून ठेवला.

"थांबता आलं असतं," ते म्हणाले.

"भाऊ, तुमचीच तब्येत तेव्हा..."

"तवा चांगली होती. पोरीनं खोली पाहून ठेवली होती नागपूरले. त्या संस्थेच्या समोरच. खिडकीतून गेट दिसे. मी म्हनलं, हितलं घर कोन पाहीन?" त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "घरात होतं काय? नकाशाचे गुंडाळे."

वीजबिलातले आकडे वाचावेत तसं ते बोलले. मी चहाचे दिले आणि गाडी काढली. यवतमाळ येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. उतरताना म्हणाले, "बाई, पुन्याले आजच पाठवा."

मी त्याच दिवशी पाठवलं.

पुण्याच्या मंडळींनी काम नीट केलं. जुनी पानं जशीच्या तशी उतरवली, भाऊंनी काढलेले वाटांचे नकाशे रेषेरेषेसकट. अक्षरजुळणीतल्या जुन्या चुकाही ठेवल्या. फक्त मुखपृष्ठ राहिलं होतं, तेव्हा भाऊ गेले. डायलिसिसच्या दिवशीच, घरून निघायच्या आधी. मुलीचा फोन आला. मी तिच्या नागपूरहून येणाऱ्या गाडीची वेळ विचारून घेतली, दवाखान्याला कळवलं, पुण्याला कळवलं. चार खाटांच्या खोलीत त्या दिवशी तांडा कुठे होता, ते मी कोणाला विचारलं नाही.

काही दिवसांनी पुण्याची मुलगी फोनवर म्हणाली, "मॅडम, मुखपृष्ठ छापायला जातंय. सरांच्या नावाआधी कैलासवासी लावायचं की दिवंगत?"

कराराप्रमाणे मुखपृष्ठाला दोन्ही लेखकांची संमती लागत होती. आता एकच उरले होते. मी वणीला फोन लावला आणि प्रश्न जसाच्या तसा बाबूंना विचारला.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी.

"कोनत्या आवृत्तीवर?" बाबूंनी विचारलं.

"पहिल्या."

"मंग कायले काही लावता, बाई? पयल्या आवृत्तीत तो जिता हाये."

मी पुण्याला कळवलं, नावाआधी काही लावू नये.